खेळायला जागा मागणाऱ्यांची गोष्ट

मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेची एक दिवसाची सहल नारायणगडाला गेली होती. आमची उर्दू शाळा, आणि नारायणगड म्हणजे वारकऱ्यांची धाकटी पंढरी. एका-दोघांनी विचारलं, "मॅडम, गडावर कशाला?" मी म्हटलं, जवळ आहे, उंचावर आहे, मोकळं आहे आणि बीड जिल्ह्याच्या मुलांनी बीड जिल्हा बघायला पाहिजे. गडावरच्या माणसांनी मुलांना पाणी दिलं, सावलीत बसवलं. डबे खाऊन झाल्यावर मुलं मोकळ्या माळावर सुटली. मुलं रोज कुठे ना कुठे पळतातच, म्हणून त्यांच्याकडे माझं फारसं लक्ष नव्हतं. मी मुलींकडे बघत होते. सातवीतल्या मुली ओढण्या कमरेला बांधून तासभर नुसत्या धावत होत्या. खेळ कुठलाच नव्हता. धावायला मिळतंय, एवढाच आनंद होता.

परतताना गाडीत एक मुलगी मला म्हणाली, "टीचर, अपने गाँव में ऐसा मैदान कायकू नई?"

मी वीस वर्षांपासून उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड.ला शिकताना खेळाचं महत्त्व या विषयावर पानंच्या पानं लिहिली होती. या पोरीच्या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आमच्या शाळेला अंगण आहे. प्रार्थनेला मुलं उभी राहिली की ते भरून जातं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावं असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण जुन्या मोहल्ल्यात दाटीवाटीत उभ्या राहिलेल्या शाळेला क्रीडांगण आणणार कुठून?

तो प्रश्न डोक्यात घेऊनच मी सुट्टीत मुंबईला गेले. सोबत हे होते, तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. मदनपुऱ्यात माझी खाला राहते. एका खोलीत सात माणसं आणि त्यात आम्ही चौघं. खाला पहिल्याच सकाळी म्हणाली, "बच्चों को लेके मैदान-बगीचे घूम आओ, घर में क्या रखा है!" आम्ही चार दिवस तेच केलं. त्या चार दिवसांत जे बघितलं, आणि परत आल्यावर जे वाचून काढलं, ते इथे मांडते आहे. मुंबईची मैदानं कुटुंबानं जाऊन बघावीत अशी आहेतच, पण ती तिथे कशी आली हेही मुलांना सांगायला पाहिजे. कारण ती कुणाला आयती मिळालेली नाहीत.

राणीचा बाग

खालाच्या घराजवळ, म्हणून पहिल्या दिवशी भायखळ्याची राणीची बाग. ती १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया गार्डन्स, आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. जुनी झाडं, प्राणी, आता पेंग्विनही आहेत. बाजूलाच १८७२ साली उघडलेलं संग्रहालय आहे, त्याला आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. खाला सांगते, ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बासी ईदला, अख्खा मोहल्ला नवे कपडे घालून इथे येतो. ज्यांच्या घरात पाहुण्यांना बसायला जागा नाही त्यांची बैठकीची खोली म्हणजे ही बाग. बाया चादर अंथरून बसतात, डबे उघडतात, मुलं हिंडतात. कुटुंबासाठी सार्वजनिक जागा म्हणजे काय, हे मला तिथे नीट कळलं. पण बाग ही बघायची जागा. खेळायची जागा वेगळी असते, आणि मुंबईत तिचा इतिहास जास्त भांडणाचा आहे.

तोफांसाठी मोकळी ठेवलेली जमीन

दुसऱ्या दिवशी आम्ही आझाद मैदानावर गेलो. आमच्या बीडच्या माणसाला हे मैदान माहीत असतं ते मोर्चामुळे नाहीतर उपोषणामुळे. नारायणगडावर २०२४ च्या दसऱ्याला मराठा आरक्षणासाठी मोठा मेळावा झाला आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टअखेर त्याच मागणीसाठी माणसं आझाद मैदानावर जाऊन बसली, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे. पण एरवी त्या मैदानावर एकाच वेळी वीस-बावीस खेळपट्ट्यांवर क्रिकेट चालू असतं. एका सामन्याचा पॉइंटवरचा गडी दुसऱ्या सामन्याच्या लाँगऑनला पाठ लावून उभा असतो. कुणाचा चेंडू कुठला, हे त्यांनाच कळतं.

ही जमीन मुळात खेळासाठी मोकळी ठेवलेली नव्हती. मुंबईच्या किल्ल्याला तटबंदी होती आणि शत्रू आला तर तोफांच्या माऱ्याला आडवं काही येऊ नये म्हणून तटाबाहेरचा मोठा पट्टा रिकामा ठेवलेला होता. त्याला एस्प्लनेड म्हणत. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तट पाडला गेला. पुढे रस्ते निघाले आणि त्या पट्ट्याचे तुकडे झाले. आजचं आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे त्या एकाच पट्ट्याचे चार तुकडे आहेत.

या जमिनीवर आणखी एक गोष्ट घडलेली आहे. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन देशी सैनिकांना उठावाच्या आरोपावरून याच एस्प्लनेडवर तोफेच्या तोंडी देण्यात आलं. आझाद मैदानाजवळ त्यांचं स्मारक आहे. मी मुलांना तिथे नेलं, दोन्ही नावं मोठ्यानं वाचायला लावली. मुलानं विचारलं, "अम्मी, दोघं एकाच दिवशी?" मी म्हटलं, हो, एकाच दिवशी, एकाच जागी.

घोड्यांचे खूर

या मोकळ्या जागेवर देशी पोरं क्रिकेट खेळायला लागली. पारशी पुढे होते, त्यांच्या मागोमाग हिंदू. बॅट-चेंडू जमेल तसा. १८७५ साली गोऱ्यांनी बॉम्बे जिमखाना काढला आणि मैदानाच्या दक्षिण टोकाचा चांगला भाग स्वतःसाठी राखून घेतला. तिथे देशी माणसाला प्रवेश नव्हता. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण साहेबांना पोलोही खेळायचा होता, आणि घोडे ते स्वतःच्या हिरवळीवर कसे घालणार? म्हणून पोलो देशी पोरं जिथे क्रिकेट खेळत त्या भागात. घोड्यांच्या खुरांनी जमिनीला खड्डे पडत. अशा जमिनीवर चेंडूनं कुठे उडी घ्यावी याला नियम राहत नाही, आणि फलंदाजाचे दात आणि डोकं दोन्ही धोक्यात येतं.

देशी क्रिकेटपटूंनी अर्ज केले. पोलो खेळणारे गोरे मूठभर आणि क्रिकेट खेळणारी पोरं शेकड्यांनी, तेव्हा जागा कुणाला द्यायची ते तुम्हीच ठरवा, असा त्यांचा साधा मुद्दा होता. १८८० च्या सुरुवातीची काही वर्षं हा वाद चालला. एकदा सरकारनं पोलो हलवला, नंतर पुन्हा परत आणला. या लढ्यात असलेल्या शापुरजी सोराबजी यांनी १८९७ साली पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला. त्या पुस्तकाच्या नावातच युरोपियनांचा पोलो विरुद्ध देशी लोकांचं क्रिकेट असा उल्लेख आहे. अलीकडे रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या इतिहासात ही हकीकत सविस्तर सांगितली आहे.

हे वाचताना मला बरं वाटलं. आपल्या आधी कुणीतरी मैदानासाठी अर्ज लिहिले होते, एक फेटाळला की दुसरा लिहिला होता, हे बळ देणारं आहे. पण पुढचं वाचून मी थबकले.

समुद्राकाठची कुंपणं

सरकारनं तोडगा असा काढला की देशी लोकांना समुद्राकाठी, केनेडी सी फेसला, जागा द्यायची. तेव्हा आजचा मरीन ड्राइव्ह नव्हता. पारशी जिमखान्याला जागा मिळाली, मग हिंदूंनी मागितली आणि मुसलमानांनीही. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला, गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या काळात, हिंदू जिमखाना आणि इस्लाम जिमखाना उभे राहिले. मुसलमानांमध्ये यासाठी पुढाकार घेणाऱ्यांत बद्रुद्दीन तय्यबजी होते. अंजुमन-ए-इस्लामच्या उभारणीतले, १८८७ साली मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झालेले, मुलींनी शिकावं म्हणून आग्रह धरणारे तय्यबजी. मुसलमान पोरांनीही खेळावं, मागे राहू नये, ही त्यांची तळमळ खरी होती. तिला मी कमी लेखणार नाही.

पण झालं काय? मागणी सुरू झाली होती एका मैदानासाठी, शहरातल्या सगळ्या देशी पोरांसाठी. हाती आले धर्मानं वेगळे केलेले, कुंपण घातलेले तुकडे. तुकडे वेगळे झाले, तसे संघही वेगळे झाले. पारशी आणि युरोपियन आधीपासून एकमेकांशी खेळत होते. १९०७ मध्ये हिंदू आले, १९१२ मध्ये मुसलमान आले आणि स्पर्धा चौरंगी झाली. १९३७ मध्ये 'इतरां'चा संघ धरून ती पंचरंगी झाली. खेळ उत्तम होत असे. १९४४ चा अंतिम सामना मुस्लिम संघानं हिंदू संघाविरुद्ध अवघ्या एका गड्यानं जिंकला, तो बघितलेली माणसं आयुष्यभर त्याच्याबद्दल बोलत राहिली. पण नाव धर्माचं होतं. १९४० साली गांधीजींनी अशा धर्मवार क्रिकेटबद्दल नापसंती जाहीर केली. १९४६ नंतर ही स्पर्धा इतिहासजमा झाली.

कुंपणाच्या आतही कुंपण असतं, हे पळवणकर बाळूंच्या गोष्टीत दिसतं. चर्मकार समाजातले हे डावरे फिरकी गोलंदाज हिंदू संघाचा कणा होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण जातीमुळे त्यांना कप्तानपद मिळालं नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळालं. एकदा 'आपल्यांसाठी' म्हणून जागा राखली की 'आपले' कोण, याचं भांडण आत सुरू होतंच.

शिवाजी पार्क आणि नागपाडा

तिसऱ्या दिवशी दादरचं शिवाजी पार्क. हे मैदान कुणा एका जमातीचं नव्हे, महापालिकेनं केलेलं. १९२५ साली ते माहीम पार्क म्हणून खुलं झालं. १९२७ साली, शिवाजी महाराजांच्या जन्माची तीनशे वर्षं म्हणून, नाव बदललं. त्यासाठी आग्रह धरला तो नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी. एवढं मोठं मैदान आणि भोवती बसायला कट्टा. म्हातारे चालतात, बाया गप्पा मारतात, मधे नेटमध्ये सराव चालतो. रमाकांत आचरेकर सरांनी इथेच पोरं घडवली. त्यातला सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये ६६४ धावांची भागीदारी केली, ती आझाद मैदानावर. लॉर्ड हॅरिसच्याच नावाच्या या शालेय स्पर्धेत पुढे सर्फराज खाननं २००९ मध्ये ४३९ धावा केल्या. मैदान सर्वांचं असलं की नावं आपोआप मिसळतात.

आणि मदनपुऱ्याच्या शेजारचं नागपाडा. हे नाव बातम्यांत वेगळ्याच कारणानं येतं. पण १९२७ साली क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मराठी मिशनच्या माणसानं इथे नागपाडा नेबरहुड हाउस काढलं. त्या वस्तीत मुसलमान होते, यहुदी होते, ख्रिस्ती होते, गिरणी कामगार होते. धर्म न विचारता सगळ्यांसाठी वर्ग आणि खेळ. १९३६ साली याच घरात समाजकार्य शिकवणारी संस्था सुरू झाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. आणि याच दाट वस्तीतल्या छोट्या कोर्टांवर बास्केटबॉल असा रुजला की देशाच्या संघात नागपाड्याची पोरं जाऊ लागली. अब्बास मुंतसिर भारताचे कप्तान झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. संध्याकाळी आम्ही कोर्टाजवळ उभे होतो. जागा केवढीशी! आमच्या गावच्या आठवडी बाजाराच्या पाव सुद्धा नाही. पण बास्केटबॉलला मोठं मैदान लागत नाही, दोन खांब आणि शिकवणारा माणूस लागतो.

माझी मुलगी आणि मुंब्रा

आता जे खरं सांगायचं आहे ते. आझाद मैदानावर माझ्या मुलानं दहा मिनिटांत एका डावात शिरकाव केला. कुणी नाव विचारलं नाही, "फील्डिंग करेगा क्या?" एवढंच. तो संध्याकाळपर्यंत खेळला. माझी मुलगी माझ्या शेजारी बसून होती. तिच्याकडे बघून कुणी तसं विचारलं नाही. गावात ती त्याच्यापेक्षा जोरात चेंडू फेकते. शिवाजी पार्कला मात्र तिला पूर्ण पोशाखात सराव करणाऱ्या मुली दिसल्या. ती जाळीला नाक लावून अर्धा तास उभी राहिली.

म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं ते कुंपण अजून आहे, फक्त दिसत नाही. साहेब गेला, जिमखान्यांचे दरवाजे सैल झाले, पण 'सगळ्यांचं' मैदान म्हणजे बहुतेक वेळा सगळ्या मुलांचं, मुलींचं नव्हे.

चौथ्या दिवशी खालाच्या ओळखीच्या एक बाई मुंब्र्याहून आल्या होत्या. मुंब्रा ठाण्याजवळची मोठी मुस्लिम वस्ती, १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं तिकडे गेली. तिथे 'परचम' नावाचा गट आहे. परचम म्हणजे ध्वज. २०१२ च्या सुमारास या गटानं मुलींना फुटबॉल शिकवायला सुरुवात केली. पायात बूट, डोक्यावर हवा असेल तर स्कार्फ, नको असेल तर नाही. मुस्लिम मुली, इतर मुली, सगळ्या. अडचण एकच, मैदानावर मुलांचा कब्जा. मग मुलींनी सह्या गोळा केल्या, स्थानिक आमदारांकडे गेल्या आणि मुलींना खेळण्यासाठी जागा मागितली. ती मिळाली. शापुरजी सोराबजींनी जो मार्ग घेतला तोच, सव्वाशे वर्षांनंतर, मुंब्र्याच्या मुलींनी घेतला.

तुम्ही म्हणाल, मुलींसाठी वेगळी वेळ किंवा वेगळी जागा मागणं हेही कुंपणच नाही का? या प्रश्नावर मी बराच विचार केला. मला फरक दिसतो. जिमखान्याचं कुंपण तुझा धर्म कुठला हे विचारत होतं आणि कायम विचारत राहणार होतं. मुलींची वेळ ही ज्यांनी मैदानात पायच ठेवला नाही त्यांना आत आणण्यासाठी आहे, आणि त्या वेळेत कुठल्याही घरची मुलगी येऊ शकते. आत आल्या, सवय झाली, की त्या वेळेची गरज आपोआप कमी होईल.

आमचा अर्ज

गावी परतल्यावर मी कपाटातून एक कागद काढला. नारायणगडाच्या सहलीनंतर मी ग्रामपंचायतीसाठी एक अर्ज लिहून ठेवला होता. 'उर्दू शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी क्रीडांगणास जागा मिळणेबाबत.' तो मी फाडला. वाईट वाटलं, कारण अक्षर छान आलं होतं. पण मी तेच करत होते जे १८९० च्या सुमारास झालं होतं. आपल्यापुरता तुकडा मागत होते.

दुसऱ्या दिवशी गावच्या मराठी शाळेत गेले. तिथले गुरुजी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. मी म्हटलं, "सर, तुमच्याही पोरांना मैदान नाही." ते म्हणाले, "बाई, आहे ते पावसाळ्यात तळं आणि उन्हाळ्यात गाड्यांचा तळ." आम्ही दोघांनी बसून नवा अर्ज लिहिला. दोन्ही शाळांचा, गावातल्या सगळ्या मुलामुलींसाठी. गायरानाच्या कडेचा जो भाग कुणी कसत नाही तो द्यावा, गरिबाच्या कसण्यातली जमीन आम्हाला नको, हे स्पष्ट लिहिलं. आणि रोज संध्याकाळी एक तास फक्त मुलींसाठी, हेही लिहिलं. या वाक्यावर गुरुजी थोडं थांबले. मग म्हणाले, "माझी नात पळते चांगली. राहू द्या."

ग्रामसभेत काहींनी हसून घेतलं. एकानं विचारलं, पोरी खेळून काय करणार? गुरुजींनी शांतपणे नावं घेतली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेला पळत जायचा, त्यानं २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं. बीडचा सचिन धस २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा करून आला. आणि २०२५ चा पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कप्तान प्रियांका इंगळे मूळची आपल्याच जिल्ह्यातली. शेवटच्या नावानंतर हसणं थांबलं.

ठराव अजून झालेला नाही. तलाठ्याकडून मोजणी व्हायची आहे, पुढच्या सभेत पुन्हा विषय यायचा आहे. नाही झालं तर तिसरा अर्ज लिहू, चौथा लिहू. पारश्यांचाही पहिल्या अर्जात निकाल लागला नव्हता.

तोवर आम्ही एक केलं आहे. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर दोन्ही शाळांच्या मुली मराठी शाळेच्या त्या कोरड्या तळ्यात जमतात. खो-खोचे दोन खांब गुरुजींनी स्वतःच्या खर्चानं रोवले आहेत. गडावरून येताना प्रश्न विचारणारी ती मुलगी आता खांबाशी उभी राहून बाकीच्यांवर ओरडत असते, अर्धं उर्दूत आणि अर्धं मराठीत. मागच्या शनिवारी एकोणीस मुली होत्या. तुमच्या गावात, मोहल्ल्यात मोकळी जागा असेल तर एकदा संध्याकाळी जाऊन तिथे मुली किती आहेत ते मोजून बघा.